टेक्सासहून इलिनॉयला जाताना घरातील अर्धस्वयंचलित रायफलीचे काय करावे?

धागाकर्ती

येत्या ऑगस्टमध्ये आम्ही डॅलसजवळचे घर सोडून शिकागोच्या उपनगरात राहायला जाणार आहोत. माझ्या यजमानांनी २०२० साली टेक्सासमधील परवानाधारक दुकानातून, ४४७३ क्रमांकाचा फेडरल अर्ज भरून आणि पार्श्वभूमी तपासणी पूर्ण करून एआर-१५ प्रकारची एक रायफल विकत घेतली. ते तेव्हाही ग्रीन कार्डधारक होते आणि आजही आहेत. महिन्यातून एकदा ते नेमबाजीच्या मैदानावर जातात. एरवी रायफल तिजोरीत कुलूपबंद असते. टेक्सासमध्ये अशा रायफलीसाठी राज्याचा परवाना लागत नाही आणि तिची राज्याकडे नोंदही होत नाही, त्यामुळे इतकी वर्षे हा विषय आमच्या घरात कधी निघालाच नाही.

आता मात्र तीन माणसांकडून तीन उत्तरे मिळाली आहेत. यजमानांचे एक सहकारी म्हणतात की इलिनॉयमध्ये या रायफलीवर पूर्ण बंदी आहे. दुसरे म्हणतात की नोंद केली की झाले. तिसऱ्यांच्या मते न्यायालयाने तो कायदाच रद्द केलेला असल्यामुळे काळजीचे कारण नाही. तिघेही शहाणे आणि कायदा पाळणारे आहेत, म्हणूनच माझा गोंधळ वाढला आहे. त्यात भर म्हणजे माझा पुतण्या इंडियानामध्ये एफ-१ व्हिसावर शिकत आहे. तो सुट्टीत आमच्याकडे राहायला येणार आणि "काका, मलाही एकदा मैदानावर घेऊन चला" असा त्याचा आग्रह आहे.

बंदुका असाव्यात की नसाव्यात, हा वाद येथे नको, अशी सर्वांना विनंती. कायदा काय आहे, कोणत्या गावाला लागू आहे आणि कोणत्या तारखेपासून आहे, एवढेच मला समजून घ्यायचे आहे.

शिकागोकर

ताई, तुम्हाला मिळालेल्या तिन्ही उत्तरांत सत्याचा एकेक तुकडा आहे आणि कोणतेही एक उत्तर पुरेसे नाही. मी वीस वर्षे येथे राहतो आणि हा कायदा माझ्या डोळ्यांदेखत घडला, म्हणून तो क्रमाने सांगतो.

४ जुलै २०२२ रोजी हायलंड पार्क या उपनगरात स्वातंत्र्यदिनाच्या मिरवणुकीवर गोळीबार झाला. त्यानंतर १० जानेवारी २०२३ रोजी इलिनॉयचा नवा कायदा अमलात आला आणि त्याने 'असॉल्ट वेपन' या व्याख्येत बसणाऱ्या शस्त्रांची निर्मिती, विक्री आणि खरेदी थांबवली. ज्यांच्याकडे अशी शस्त्रे आधीपासून होती त्यांना ती ठेवण्याची मुभा मिळाली; मात्र त्यासाठी १ जानेवारी २०२४ पूर्वी राज्य पोलिसांकडे प्रतिज्ञापत्र देणे बंधनकारक होते. राज्यात नव्याने राहायला येणाऱ्यांसाठी वेगळी तरतूद असून, रहिवासी झाल्यापासून ६० दिवसांच्या आत फॉइड कार्डासाठी अर्ज आणि हे प्रतिज्ञापत्र या दोन्ही गोष्टी कराव्या लागतात. फॉइड हे बंदूक किंवा काडतुसे बाळगणाऱ्याचे राज्याचे ओळखपत्र आहे आणि त्याच्याशिवाय येथे साधे काडतूसही विकत घेता येत नाही. प्रतिज्ञापत्र दिल्यावरही रायफल कोठेही नेता येत नाही: स्वतःची जागा, मालकाने स्पष्ट परवानगी दिलेली खासगी जागा, मैदान, दुरुस्तीचे दुकान, आणि या ठिकाणांच्या वाटेवर गोळ्या काढून बंद पेटीत, एवढीच मुभा आहे.

मॅगझिनचा, म्हणजे बंदुकीला गोळ्या पुरवणाऱ्या डबीचा, प्रश्न वेगळा आहे आणि लोक तेथेच फसतात. लांब नळीच्या बंदुकीसाठी १० पेक्षा जास्त आणि पिस्तुलासाठी १५ पेक्षा जास्त गोळ्यांचे मॅगझिन हा या कायद्याचा स्वतंत्र भाग आहे. एआर-१५ सोबत बहुधा ३० गोळ्यांचे मॅगझिन येते. माझे स्पष्ट मत आहे की रायफलीचे काहीही ठरो, ती मॅगझिने टेक्सासमध्येच सोडून या.

हे झाले राज्याचे. आता गावाचे पाहू. २०१३ साली इलिनॉयने शस्त्र सोबत बाळगण्याचा कायदा केला तेव्हा असॉल्ट वेपन बाळगण्याबाबत स्थानिक संस्थांना नियम करण्याची खिडकी फक्त दहा दिवसांसाठी उघडी ठेवली. त्या मुदतीत किंवा तिच्याआधी ज्यांनी उपविधी केला तेवढ्यांचाच टिकला. हायलंड पार्कने त्याच वर्षी बंदी केली. डीअरफील्डने २०१३ मध्ये केवळ शस्त्रे सुरक्षित ठेवण्याचा नियम केला आणि २०१८ मध्ये त्यातच दुरुस्ती करून पूर्ण बंदी आणली. ही 'दुरुस्ती' मानायची की नवा कायदा, यावर खटला राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. तेथे मते समसमान पडली, आणि त्यामुळे डीअरफील्डच्या बाजूचा खालचा निकाल २०२१ मध्ये कायम राहिला. शिकागो शहराची बंदी वेगळी आहे. कुक काउंटीची (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) त्याहून वेगळी आहे. नेपरव्हिलने ऑगस्ट २०२२ मध्ये दुकानांतील विक्रीवर बंदी घातली, मात्र घरात ठेवण्यावर नव्हे.

म्हणजे तुम्ही शॉमबर्गमध्ये घर घेतलेत तर कुक काउंटीचा नियम तुमच्या दारात येतो; नेपरव्हिलमध्ये घेतलेत तर येत नाही, कारण ते गाव ड्यूपेज आणि विल काउंटीत आहे. स्वतःचा कारभार स्वतः पाहणाऱ्या गावाचा उपविधी काउंटीच्या उपविधीशी विसंगत असेल तर गावाच्या हद्दीत गावाचा चालतो, असे राज्याच्या घटनेतच आहे. दोन्ही गावांत मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात आणि एकमेकांना मनापासून सल्ला देतात. पण एकाचा अनुभव दुसऱ्याच्या पत्त्याला लागू पडत नाही.

धागाकर्ती

शिकागोकर, आपले मनःपूर्वक आभार. आम्ही शाळा आणि कार्यालयाचे अंतर पाहूनच घरे निवडत होतो, काउंटी हा मुद्दा यादीतच नव्हता. एक शंका उरते: 'व्याख्येत बसणारी' असे आपण म्हणता, तर आमची रायफल व्याख्येत बसते की नाही हे ठरते कसे? अर्धस्वयंचलित असणे एवढेच पुरेसे आहे का?

बे एरियातील वाचक

नाही, पुरेसे नाही, आणि सर्व गोंधळाचे मूळ मला याच प्रश्नात दिसते. अर्धस्वयंचलित म्हणजे चाप एकदा ओढला की एकच गोळी सुटते आणि पुढची गोळी आपोआप नळीत चढते. 'असॉल्ट वेपन' हे मात्र यंत्राचे वर्णन नसून कायद्याने दिलेले नाव आहे, आणि प्रत्येक राज्य ते आपापल्या शब्दांत देते. 'एआर' ही अक्षरे आर्मालाइट या कंपनीच्या नावातून आली आहेत, 'असॉल्ट रायफल'मधून नव्हे, हेही जाता जाता सांगतो. कारण नावावरून अर्थ काढण्याची चूक तेथूनच सुरू होते.

आमच्या कॅलिफोर्नियाचा कायदा देशात पहिला. जानेवारी १९८९ मध्ये स्टॉक्टनच्या एका प्राथमिक शाळेत गोळीबार झाला आणि त्याच वर्षी विशिष्ट बनावटी आणि प्रारूपे यांची नावे घेऊन बंदी झाली. कंपन्यांनी नावे बदलली, तेव्हा दहा वर्षांनी वैशिष्ट्यांवर आधारित दुसरी व्याख्या जोडावी लागली. आजही दोन्ही व्याख्या एकाच वेळी लागू आहेत. दुसऱ्या व्याख्येनुसार, मध्यभागी आघात होणाऱ्या काडतुसाची अर्धस्वयंचलित रायफल असेल, तिचे मॅगझिन स्थिर नसेल, आणि तिला पिस्तुलासारखी खाली आलेली मूठ, अंगठा आरपार जाणारा दस्ता, घडी होणारा किंवा लांबीला कमी-जास्त होणारा दस्ता, पुढच्या बाजूची मूठ, ज्वाला दडवणारे नळीचे टोक किंवा ग्रेनेड अथवा फ्लेअर फेकणारा प्रक्षेपक यांपैकी एक जरी गोष्ट असेल, तरी ती असॉल्ट वेपन ठरते. मॅगझिन 'स्थिर' कशाला म्हणायचे यावरही वर्षानुवर्षे वाद झाला. काही जण गोळीच्या टोकाने दाबता येईल असे लहानसे बटण बसवून ते स्थिर असल्याचे दाखवत; २०१६ च्या दुरुस्तीने ती वाट बंद केली, आणि अशा रायफलींची नोंद करण्याची मुदत ३० जून २०१८ रोजी संपली. त्या दिवशी नोंद न करणाऱ्याने रायफलीला हातही लावला नसेल, तरीही १ जुलैपासून तीच रायफल बेकायदा झाली.

याचा परिणाम विचित्र दिसतो, पण तो समजून घ्यावा. रुगर मिनी-१४ ही साध्या लाकडी दस्त्याची रायफल एआर-१५ सारखेच .२२३ काडतूस वापरते, तिचेही मॅगझिन काढता येते, तीही अर्धस्वयंचलित आहे. आणि ती येथे कायदेशीर आहे. १९९४ च्या फेडरल बंदीतही, जी १३ सप्टेंबर २००४ रोजी मुदत संपून आपोआप गेली, घडीचा दस्ता नसलेली मिनी-१४ वगळलेल्या बंदुकांच्या यादीत नावानिशी होती. तेव्हाच्या फेडरल व्याख्येत दोन वैशिष्ट्ये लागत. कॅलिफोर्निया आणि न्यू यॉर्क यांना एक पुरते.

वॉशिंग्टन राज्याने तर एकाच राज्यात दोन शब्द करून ठेवले आहेत. २०१८ मध्ये जनमताने मंजूर झालेल्या कायद्यात 'अर्धस्वयंचलित असॉल्ट रायफल' ही संज्ञा इतकी व्यापक आहे की .२२ ची सराव-रायफलही तीत मोडते; ती विकत घेण्यासाठी वय २१ आणि प्रशिक्षण लागते. २०२३ च्या कायद्यातील 'असॉल्ट वेपन' ही संज्ञा याहून अरुंद आहे. तिच्यात बसणाऱ्या शस्त्राची विक्री आणि राज्यात आणणे बंद झाले, पण आधीपासून घरात असलेले ठेवता येते. तेथील सिएटल शहरातल्या मित्राने "असॉल्ट रायफल चालते" असे सांगितले तर तो यांपैकी कोणत्या शब्दाविषयी बोलत आहे, हे विचारल्याशिवाय त्या वाक्याला अर्थ नाही.

तेव्हा ताई, यजमानांना दुकानाच्या पावतीवरील नेमके प्रारूप पाहू द्या आणि मग इलिनॉयच्या कायद्यातील व्याख्या शब्दशः वाचा. इलिनॉयने प्रारूपांची नावेही दिली आहेत आणि वैशिष्ट्येही. एआर-१५ प्रकार त्यात नावानेच येतो, त्यामुळे तुमच्या बाबतीत फारशी शंका राहत नाही.

पुण्याहून एक वाचक

मी भारतात असल्यामुळे वेगळ्या बाजूने विचारतो. आपल्याकडे १९५९ चा शस्त्र कायदा देशभर एकच आहे. परवाना जिल्हाधिकारी किंवा पोलीस आयुक्त देतात, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच बंदुका ठेवता येतात, हे नियम पुण्यात आणि पाटण्यात सारखेच आहेत. अमेरिकेत गावाला असा अधिकार मुळात मिळतो कसा, आणि मिळाला तर सगळीच गावे तो का वापरत नाहीत?

डेन्व्हरकर

कारण बहुतेक राज्यांनी तो गावांकडून काढून घेतला आहे. चाळीसहून अधिक राज्यांनी शस्त्रांविषयीचे नियम करण्याचा विषय थोड्याफार फरकाने स्वतःकडे राखून ठेवला आहे. पेनसिल्व्हेनियात हे १९७४ पासून आहे. फिलाडेल्फिया आणि पिट्सबर्ग यांनी केलेल्या बंद्या तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये याच कारणाने रद्द केल्या. पिट्सबर्गने २०१८ मध्ये तेथील सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यू प्रार्थनास्थळात, झालेल्या हत्याकांडानंतर पुन्हा प्रयत्न केला, आणि तोही न्यायालयात टिकला नाही. फ्लोरिडात तर असा नियम करणाऱ्या स्थानिक लोकप्रतिनिधीला स्वतःच्या खिशातून दंड भरावा लागू शकतो. याउलट इलिनॉय आणि आमचे कोलोरॅडो येथे ही रेषा हलत राहिली आहे.

कोलोरॅडोची गोष्ट मी तटस्थपणे सांगू शकत नाही, कारण ज्या किराणा दुकानात पुढे हत्याकांड झाले, त्या दुकानात आम्ही जात असू. बोल्डर शहराने २०१८ मध्ये असॉल्ट वेपनवर बंदी केली. हा विषय राज्याचा आहे, असे म्हणत जिल्हा न्यायाधीशांनी १२ मार्च २०२१ रोजी ती रद्द केली. दहा दिवसांनी, २२ मार्च रोजी, बोल्डरमधील किराणा दुकानात दहा माणसे मारली गेली. त्याच वर्षी जूनमध्ये राज्याने आपला राखीव अधिकार सोडला आणि स्थानिक संस्थांना राज्यापेक्षा कडक नियम करण्याची मोकळीक दिली. बंदी असती तर ते टळले असते, असा दावा मी करत नाही; तसे म्हणण्यास माझ्याकडे आधार नाही. मात्र त्या चार महिन्यांत बोल्डरच्या एखाद्या रहिवाशाने "माझी रायफल कायदेशीर आहे का" असे विचारले असते, तर उत्तर महिन्यागणिक बदलले असते. डेन्व्हरची स्वतःची बंदी १९८९ पासूनची. २००३ मध्ये राज्याने विषय राखून ठेवल्यावरही ती टिकली, कारण २००६ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात मते तीन विरुद्ध तीन अशी पडली. आता २०२५ मध्ये मंजूर झालेल्या राज्य कायद्याने काढता येणाऱ्या मॅगझिनच्या बऱ्याच अर्धस्वयंचलित रायफली घेण्यापूर्वी प्रशिक्षण आणि शेरीफकडून (काउंटीच्या पोलीस प्रमुखाकडून) पात्रता घेणे आवश्यक केले असून त्याची अंमलबजावणी १ ऑगस्ट २०२६ पासून आहे.

न्यू जर्सीतील वाचक

वाहतुकीबद्दल थोडेसे लिहितो. १९८६ च्या फेडरल कायद्याने प्रवाशाला संरक्षण दिले आहे: जेथून निघालात आणि जेथे पोचणार, या दोन्ही ठिकाणी ते शस्त्र बाळगणे तुमच्यासाठी कायदेशीर असेल, तर मधल्या राज्यातून ते नेता येते, अट अशी की त्यात गोळ्या नसाव्यात आणि ते गाडीत बसलेल्या माणसाच्या हाताशी नसावे. डिकी नसलेल्या गाडीत ते कुलूपबंद पेटीत हवे, आणि समोरचा कप्पा ही पेटी मानली जात नाही.

हे संरक्षण किती अरुंद आहे ते न्यूअर्क विमानतळावरील एका प्रकरणातून दिसते. युटाचा एक प्रवासी पेनसिल्व्हेनियाला निघाला होता, त्याचे पुढचे विमान चुकले, सामान हातात मिळाले आणि तो रात्रभर हॉटेलात राहिला. सकाळी विमानतळावर त्याने स्वतःहून पिस्तूल असल्याचे सांगितले आणि त्याला अटक झाली. फौजदारी आरोप पुढे मागे घेतले गेले. पण त्याने भरपाई मागितली तेव्हा २०१० मध्ये अपील न्यायालयाने सांगितले की रात्री पेटी त्याच्या हाताशी होती, म्हणून फेडरल संरक्षण लागू नाही. तुमच्या टेक्सास ते इलिनॉय वाटेवर ओक्लाहोमा आणि मिझुरी येतात, तेथे अडचण नाही. प्रश्न फक्त मुक्कामाच्या गावाचा आहे, आणि तेथे रायफल बेकायदा असेल तर हे संरक्षण मुळातच मिळत नाही.

इमिग्रेशनच्या कामातील एक

सर्वांनी शस्त्राविषयी आणि जागेविषयी उत्तम लिहिले आहे. मला मात्र माणसाविषयी लिहायचे आहे, कारण ताईंच्या प्रश्नातील सर्वांत गंभीर भाग मला पुतण्याचा वाटतो.

फेडरल कायद्यानुसार स्थलांतरित नसलेल्या व्हिसावर अमेरिकेत आलेल्या व्यक्तीला बंदूक किंवा काडतुसे बाळगण्यास मनाई आहे. एफ-१, एच-१बी, एच-४, एल-१ हे सगळे यात येतात. 'बाळगणे' म्हणजे मालकी नव्हे; मैदानावर भाड्याची रायफल पाच मिनिटे हातात घेणे हेही बाळगणेच आहे. याला मोजके अपवाद आहेत, आणि त्यांतला सर्वसामान्य माणसाच्या उपयोगाचा अपवाद म्हणजे अमेरिकेतील एखाद्या राज्याचा चालू शिकार-परवाना. तो नसताना कार्यालयातील मित्रांसोबत मैदानावर जाऊन काढलेली छायाचित्रे मी अनेक मराठी तरुणांच्या फोनमध्ये पाहिली आहेत आणि प्रत्येक वेळी माझ्या पोटात गोळा आला आहे. २०२२ पासून या कलमाखालील कमाल शिक्षा १५ वर्षे झाली आहे.

हे केवळ कागदावर आहे असे कोणी समजू नये. फ्लोरिडातील एका परदेशी विद्यार्थ्याला विद्यापीठाने काढून टाकले, त्यामुळे त्याचा दर्जा संपला, आणि त्यानंतर तो एका मैदानावर जाऊन गोळ्या झाडून आला. त्याच्यावर खटला झाला, शिक्षा झाली, आणि प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात गेले. जून २०१९ मध्ये रेहैफ खटल्यात न्यायालयाने म्हटले की आपला दर्जा बेकायदा आहे हे आरोपीला माहीत होते, हे सरकारने सिद्ध केले पाहिजे. निकाल त्याच्या बाजूने लागला. मैदानावर जाणे मात्र गुन्ह्याच्या बाहेर गेले नाही. आणि हा धागा वाचल्यावर पुतण्याला "मला ठाऊक नव्हते" असेही म्हणता येणार नाही.

घरात तो राहणार असेल तर तिजोरीची किल्ली किंवा आकडे त्याच्याकडे असू नयेत. ताबा प्रत्यक्ष हातात असावा लागत नाही. पोच आणि इच्छा दोन्ही असतील तर न्यायालये तोही ताबा मानतात.

आता यजमानांविषयी. ग्रीन कार्डधारकाला फेडरल कायद्याने रायफल ठेवता येते, हे बरोबर. मात्र इमिग्रेशन कायद्यात देशाबाहेर काढण्याचे एक स्वतंत्र कारण आहे: कोणत्याही कायद्याविरुद्ध बंदूक, तिचा भाग किंवा तिचे उपकरण विकत घेणे, ठेवणे किंवा बाळगणे याबद्दल दोषी ठरणे. यातील 'कोणत्याही' आणि 'भाग' हे दोन शब्द पुन्हा वाचावेत. जी चूक नागरिकासाठी किरकोळ दंडावर निभावते, तीच ग्रीन कार्डधारकाचे येथील आयुष्य उपटून काढू शकते. म्हणून शेजारचा नागरिक "इथे कोणी तपासत नाही" किंवा "आमचे शेरीफ हा कायदा राबवणार नाहीत" असे म्हणाला, आणि इलिनॉयमध्ये अनेक शेरीफांनी तसे जाहीरपणे म्हटलेही आहे, तरी ते वाक्य तुमच्यासाठी नाही. कोणत्याही कागदावर सही करण्यापूर्वी शस्त्र कायदा आणि इमिग्रेशन या दोन्ही विषयांच्या वकिलांना विचारा. एकाला दुसऱ्याचा विषय बहुधा येत नाही.

शिकागोकर

'कायदा रद्द झाला' या तिसऱ्या उत्तराचे सांगायचे राहिले होते. इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये चार विरुद्ध तीन मतांनी कायदा वैध ठरवला. नोव्हेंबर २०२४ मध्ये दक्षिण इलिनॉयमधील फेडरल न्यायाधीशांनी तो घटनाबाह्य ठरवला, ही बातमी सर्वत्र पोचली. त्या निकालाला अपील न्यायालयाने स्थगिती दिली, ही बातमी मात्र फार कोणी वाचली नाही. कॅलिफोर्नियाच्या बाबतीतही २०२१ आणि २०२३ मध्ये हेच झाले: निकाल बंदीच्या विरुद्ध, आणि वर स्थगिती. जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मेरिलँडच्या बंदीविरुद्धचे प्रकरण ऐकण्यास नकार दिला, तेव्हा न्यायमूर्ती कॅव्हनॉ यांनी पुढील एक-दोन सत्रांत न्यायालयाने हा प्रश्न हाती घ्यावा, असे लिहिले. म्हणून निकालाची बातमी वाचली की 'स्थगिती आहे का' हा प्रश्न लगेच विचारावा.

धागाकर्ती

आपण सर्वांनी इतका वेळ दिलात, त्याबद्दल मी ऋणी आहे. काल रात्री यजमानांनी आणि मी हा संपूर्ण धागा एकत्र वाचला. घर कुक काउंटीत असावे की नसावे, हे रायफलीवरून ठरवायचे नाही, असे आम्ही ठरवले; मुलीची शाळा ज्या गावात मिळेल तेथेच घर घेऊ. त्यामुळे रायफल आणि मॅगझिने निघण्यापूर्वी येथील परवानाधारक दुकानाला विकायची आणि शस्त्राचा क्रमांक असलेली पावती ग्रीन कार्डाच्या कागदपत्रांसोबत जपून ठेवायची, असा निर्णय झाला. यजमानांना वाईट वाटले, ते मी लपवत नाही.

पुतण्याला आज सकाळी फोन केला. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, "काकू, मागच्या थँक्सगिव्हिंगला मित्रांनी विचारलं होतं, तेव्हा परीक्षा होती म्हणून गेलो नव्हतो." त्याच्या वसतिगृहातील आणखी चार मुले गेली होती. त्यांना हा धागा पाठवला आहे.